कण्हेर की बिट्टी? एकाच कुळातली दोन झुडपं, दोन वेगळे धोके

सातारा-सांगलीच्या कोणत्याही गावात शिरा, पाचदहा घरं ओलांडली की कुठल्या तरी अंगणात गुलाबी फुलांनी डवरलेली कण्हेर दिसणारच. देवळाच्या आवारात, शाळेच्या कुंपणाला किंवा ओढ्याच्या कडेला पिवळ्या भोंग्यासारख्या फुलांची बिट्टीही असते. बरीच माणसं दोन्हींना कण्हेरच म्हणतात. एक तांबडी कण्हेर, एक पिवळी कण्हेर. फुलं देवाला चालतात, झाडाला पाणी लागत नाही आणि मुख्य म्हणजे जनावर तोंड लावत नाही. म्हणून दोन्ही झुडपं पिढ्यान्‌पिढ्या दारात लावली जातात.

जनावर तोंड लावत नाही, कारण दोन्ही झाडं मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी आहेत. ही गोष्ट जुन्या माणसांना ठाऊक असते, नव्या पिढीला बऱ्याचदा नसते. त्यातही दोन्हींचा धोका सारखा नाही. कण्हेर जास्त करून गोठ्याला घात करते, तर बिट्टी जास्त करून लहान मुलांना. त्यामुळे दोन्ही वेगवेगळी ओळखता येणं हे बागेच्या हौसेपुरतं काम नाही.

नावं आणि मूळ

कण्हेरीचं शास्त्रीय नाव नेरियम ओलिअँडर. जुन्या पुस्तकांत तीच नेरियम इंडिकम किंवा नेरियम ओडोरम या नावानं सापडते. नेरियम या प्रजातीत ही एकच जात आहे. तांबडी, गुलाबी, पांढरी, एकेरी, दुहेरी असे फुलांचे कितीही प्रकार दिसले तरी झाड एकच. भूमध्य समुद्राच्या काठापासून भारतापर्यंत ती पूर्वापार आढळते. संस्कृतात तिला करवीर म्हणतात. कोल्हापूर आणि त्याच्या भोवतालच्या तालुक्याला आपण करवीर म्हणतो, तोच हा शब्द. सातारकरांना मात्र कण्हेर म्हटलं की आधी वेण्णा नदीवरचं कण्हेर धरण आठवतं.

संस्कृतात तिचं आणखी एक नाव आहे, अश्वमार किंवा हयमार. म्हणजे घोड्याला मारणारी. सुश्रुतसंहितेत मुळात विष असलेल्या वनस्पतींची जी यादी दिली आहे, तिच्यात अश्वमार आहे. म्हणजे हे झाड जनावराचा जीव घेतं, हे इथल्या माणसांना हजारो वर्षांपासून माहीत होतं आणि त्यांनी ते थेट नावातच नोंदवून ठेवलं.

बिट्टी मात्र बाहेरून आलेली आहे. तिचं मूळ मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागात. आजचं शास्त्रीय नाव कॅस्काबेला थेवेशिया. शेतीच्या आणि औषधी वनस्पतींच्या जुन्या पुस्तकांत ती थेवेशिया पेरूव्हियाना किंवा थेवेशिया नेरिफोलिया म्हणून दिलेली असते. नेरिफोलिया याचा अर्थच कण्हेरीसारख्या पानांची. थेवेशिया हे नाव सोळाव्या शतकातल्या आंद्रे थेवे या फ्रेंच धर्मगुरू आणि प्रवाशावरून पडलं. लिनियसनं 1753 साली या दोन्ही जातींना शास्त्रीय नावं दिली, तेव्हाही त्या त्यानं वेगवेगळ्याच ठेवल्या होत्या.

दोन्हींचं कुळ एकच, अपोसायनेसी. तगर, सदाफुली, चाफा, सप्तपर्णी ही मंडळीही याच कुळातली. पान तोडलं की चीक येणं हा या घराण्याचा गुण आहे.

झाडाजवळ उभं राहून ओळखायचं कसं?

फुलं नसतानाही दोन्ही झाडं सहज वेगळी करता येतात. त्यासाठी चार गोष्टी बघायच्या.

*पानं :* कण्हेरीच्या एका पेरावर साधारणपणे तीन पानं असतात, फांदीभोवती गोल बसलेली. पान जाड, चामड्यासारखं, बोटभर रुंद आणि वितीएवढं लांब. मधली शीर ठळक असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक समांतर शिरा असतात. बिट्टीची पानं फांदीवर एकेक करून फिरत्या जिन्यासारखी लागतात. ती अधिक अरुंद, पातळ आणि तुकतुकीत हिरवी असतात. त्यांच्यात मधली शीर तेवढी दिसते, बाजूच्या शिरा नजरेत भरत नाहीत.

*चीक :* बिट्टीचं पान किंवा कोवळी फांदी तुटली की दुधासारखा पांढराशुभ्र चीक टपकतो. कण्हेरीचा चीक पातळ, पाणचट असतो. चीक बघायचा झाल्यास उघड्या हातानं पान तोडू नये. कात्रीनं कापावं आणि नंतर हात साबणानं धुवावेत.

*फुलं :* कण्हेरीचं फूल पाच पाकळ्यांचं, चाकासारखं सपाट उघडणारं. गळ्याशी झालरीसारखे बारीक तुकडे असतात. फांदीच्या टोकाला फुलांचे घोस येतात आणि काही प्रकारांना मंद वासही असतो. बिट्टीचं फूल नरसाळ्यासारखं असतं. त्याच्या पाकळ्या एकमेकींवर पीळ दिल्यासारख्या बसतात आणि फूल कधी पुरतं सपाट उघडत नाही. रंग बहुधा पिवळा. फिकट केशरी आणि पांढरे प्रकारही बागांत दिसतात. त्यामुळे फक्त रंगावरून निर्णय करू नये.

*फळ :* सगळ्यात पक्की खूण हीच. कण्हेरीला लांब, बारीक शेंगा येतात. त्या पिकून फुटल्या की आतलं केसाळ बी वाऱ्यावर उडतं. बिट्टीला लिंबाएवढं, कोनाकोनाचं, गुळगुळीत हिरवं फळ धरतं. पिकत गेलं की ते काळं पडतं आणि झाडाखाली गळतं. त्याच्या आत टणक, तिकोनी आठळी असते आणि त्या आठळीत बी असतं.

झाडाच्या ठेवणीतही फरक आहे. कण्हेर बुडापासून अनेक फांद्या फोडते आणि सहा ते बारा फुटांचं गच्च झुडूप होतं. बिट्टी एका खोडावर चढत जाते. छाटली नाही तर पंधरा-वीस फुटांचं छोटं झाडच होतं.

पिवळं दिसलं की बिट्टीच, असं नाही

पिवळ्या फुलांमुळे दोन झाडांशी बिट्टीची गल्लत होते. टेकोमा किंवा घंटीफूल हे पहिलं. रस्त्याच्या कडेला आणि बंगल्यांच्या कुंपणाला ते हल्ली सर्रास असतं. त्याचं पान अनेक पर्णिकांचं आणि करवती कडांचं असतं. बिट्टीचं पान एकेरी आणि सरळ कडेचं. दुसरं अ‍ॅलामंडा. ते बिट्टीच्याच कुळातलं, पण वेलीसारखं पसरतं. त्याची पानं रुंद असतात आणि फळ काटेरी असतं. झाडाखाली कोनाकोनाची हिरवी-काळी फळं पडलेली दिसली, की शंका ठेवायचं कारण नाही. ती बिट्टीच.

दुष्काळी तालुक्यांना कण्हेर का मानवली?

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात उन्हाळ्यात अंगणातलं सगळं करपतं, तरी कण्हेर फुललेली असते. त्यामागं पानाची खास रचना आहे. पानावरची जी छिद्रं श्वासाचं काम करतात, ती कण्हेरीत पानाच्या मागच्या बाजूला खोल खड्ड्यांत दडलेली असतात आणि त्या खड्ड्यांत बारीक केस असतात. गरम वारा थेट छिद्रापर्यंत पोचत नाही, त्यामुळे पाणी कमी उडतं. कोरड्या हवेतल्या झाडांचं उदाहरण म्हणून वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात कण्हेरीच्या पानाचा छेद याचसाठी दाखवतात.

याच गुणामुळे महामार्गांच्या दुभाजकात कण्हेर लावली जाते. पाणी कमी लागतं, धूर आणि धूळ सहन होते, समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडतो आणि मोकाट जनावरं ती फस्त करत नाहीत.

पाटण, महाबळेश्वर, शिराळा अशा जास्त पावसाच्या भागातही दोन्ही झाडं जगतात. तिथं मात्र पाण्याचा निचरा होणारी, दिवसभर ऊन मिळणारी जागा लागते. सावलीत कण्हेर नुसती पाल्यानं वाढते, फुलत नाही.

लागवडीची पद्धत दोन्हींची वेगळी. कण्हेर फाट्यापासून करतात. पावसाळ्याच्या तोंडाला पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची काडी लावली की ती सहज मुळं धरते. बिट्टी बियांपासून येते. झाडाखाली पडलेल्या आठळ्यांतून पावसाळ्यात रोपं आपसूक उगवतात. म्हणून एक बिट्टी लावली की दोनतीन वर्षांत आजूबाजूला तिची पिल्लावळ दिसू लागते. नको असलेली रोपं लहान असतानाच उपटलेली बरी.

कण्हेरीचं फूल नव्या फुटव्यावर येतं, म्हणून बहर ओसरल्यावर छाटणी करतात. आणि खरी अडचण नेमकी या छाटणीपासून सुरू होते.

विष काम कसं करतं?

दोन्ही झाडांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड गटातली द्रव्यं असतात. कण्हेरीत ओलिअँड्रिन हे मुख्य. बिट्टीत थेवेटिन, पेरुव्होसाइड, नेरिफोलिन वगैरे. हृदयाच्या पेशीत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. ही द्रव्यं तो पंप अडवतात. मग रक्तातलं पोटॅशियम वाढतं, ठोके मंद आणि अनियमित होतात आणि हृदय बंद पडू शकतं. हृदयविकारावर दिलं जाणारं डिगॉक्सिन हे औषध याच पद्धतीनं काम करतं. फरक एवढाच की ते मोजूनमापून दिलं जातं. झाडाच्या पानात किती विष आहे ते कुणी मोजलेलं नसतं.

वाळवून, उकळून किंवा शिजवून हे विष जात नाही. जाळलं तर धुरातूनही त्रास होतो. म्हणून छाटलेल्या फांद्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नयेत, त्यांचं दातवण करू नये आणि त्यांच्या काड्या खाण्याच्या पदार्थाला टोचू नयेत. फुलदाणीतलं पाणीसुद्धा मुलांच्या आणि पाळीव कुत्र्यामांजरांच्या हाती लागू देऊ नये.

कण्हेर आणि गोठा

झाडावरचं हिरवं पान कडू असतं. गाय, म्हैस, शेळी ते हुंगते आणि सोडून देते. त्यामुळे 'आमच्या दारात वीस वर्षं कण्हेर आहे, काही झालं नाही' असं सांगणारे बरेच भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. पण धोका झाडावरच्या पानापेक्षा तोडलेल्या पानात जास्त आहे. छाटून टाकलेला पाला सुकला की त्याचा कडवटपणा तितका जाणवत नाही. विष मात्र तसंच राहतं. बांधावर टाकलेला असा पाला गवतात मिसळतो, गवताबरोबर कापला जातो आणि गव्हाणीत येतो.

कडबाकुट्टीनं धोका आणखी वाढला आहे. आख्खी वैरण असेल तर जनावर नको ते पान बाजूला सारतं. वाडं, कडबा, हत्तीगवत यांच्या बारीक कुट्टीत कण्हेरीच्या दोन फांद्या गेल्या, तर जनावराला निवड करताच येत नाही. मोठ्या जनावरालाही मूठभर पाला घातक ठरू शकतो.

टंचाईच्या दिवसांत तर चव बघायची सोयच नसते. 2019 च्या उन्हाळ्यात माण, आटपाडी, जत भागात चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. अशा वर्षी भुकेलं जनावर एरवी ज्याला तोंड लावणार नाही ते खातं. खिल्लार बैल असो की माडग्याळी मेंढी, उपाशी पोटी कडू-गोड कळत नाही. मेंढरं घेऊन वाटेनं जाणाऱ्या मेंढपाळांनी नुकतीच छाटणी झालेल्या रस्त्याच्या कडेला कळप थांबवू नये, ते याचसाठी.

निर्माल्याचंही तसंच. श्रावणात आणि महाशिवरात्रीला महादेवाला कण्हेरीची आणि बिट्टीची फुलं वाहतात. देवळामागे टाकलेलं निर्माल्य मोकळ्या गाई हमखास खातात, कारण त्यात बेल, दूर्वा, केळी, नारळाचे तुकडेही असतात. त्यामुळे देवस्थानांनी ही फुलं वेगळी काढून खड्ड्यात पुरलेली बरी.

जनावराला विषबाधा झाली तर लाळ गळणं, बेचैनी, पोट दुखणं, हगवण (कधी रक्तासह), अंग गार पडणं, थरथर, ठोके चुकणं अशी लक्षणं काही तासांत दिसतात. काही वेळा लक्षणं दिसण्याआधीच जनावर दगावलेलं आढळतं. अशा वेळी जनावराला चालवू नये, पळवू नये. हृदयावरचा ताण वाढतो. तेल, ताक, गूळपाणी असलं काही नरड्यात ओतू नये. गव्हाण लगेच रिकामी करावी, बाकीच्या जनावरांचा चारा बदलावा आणि चाऱ्यात सापडलेलं पान डॉक्टरांना दाखवण्यासाठी ठेवावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन करून घेतलं तर नेमकं कारण कळतं आणि उरलेली दावण वाचते.

बिट्टी आणि मुलं

बिट्टीची अडचण उलटी आहे. तिची छाटणी फारशी होत नाही, पण तिची फळं वर्षभर खाली पडतात. गोल-कोनदार, हातात मावणारी, गुळगुळीत. मुलांना ती खेळायला उचलावीशी वाटली तर नवल नाही. आठळ्यांचा खेळ मांडणं ही गावाकडची जुनीच सवय. या झाडात सगळ्यात जास्त विष बियांत असतं आणि आठळी फुटली की ते बी उघडं पडतं.

मुलानं बी किंवा फळ चावलं तर तोंडात आग होणं, बधिरपणा, उलट्या, पोटदुखी, जुलाब, चक्कर असा त्रास सुरू होतो. नाडी मंद किंवा अनियमित होते. उलटी झाली आणि मूल शांत झालं म्हणून घरी बसू नये. हृदयावरचा परिणाम नंतरही दिसू शकतो. मीठपाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नये. तोंडातले तुकडे काढावेत, चूळ भरायला लावावी, 108 ला फोन करावा आणि फळ किंवा पान सोबत घेऊन जावं. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढून काही तास लक्ष ठेवावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती सोय नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात नेणं भाग असतं.

श्रीलंकेत 1980 नंतर बिट्टीच्या विषबाधेचे इतके रुग्ण येऊ लागले की तिथं त्यावर मोठे वैद्यकीय अभ्यास झाले. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडं या विषावर चालतात, हे त्यातून पुढे आलं. पण हे औषध अतिशय महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. म्हणून लवकर दवाखाना गाठणं हाच भरवशाचा मार्ग.

मोठ्या माणसांनीही गाफील राहू नये. केरळात 2024 साली एका तरुणीच्या मृत्यूनंतर, तिनं अरळीचं म्हणजे कण्हेरीचं पान-फूल चघळल्याचा संशय व्यक्त झाला. त्यानंतर त्याच वर्षी मे महिन्यात त्रावणकोर देवस्वम मंडळानं नैवेद्य आणि प्रसादात अरळीची फुलं वापरणं थांबवलं.

औषध म्हणून वापर?

आयुर्वेदात करवीर आहे, पण तो उपविषांत गणलेला. शोधन केल्याशिवाय तो वापरत नाहीत आणि त्याचा उपयोग मुख्यतः करवीराद्य तेलासारखा बाहेरून लावण्यासाठी सांगितला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या 'ई-1' परिशिष्टातही करवीराचं नाव आहे. त्यामुळे मोबाईलवर फिरणारे 'कण्हेरीच्या मुळीचा काढा' छापाचे उपाय घरी करून बघणं म्हणजे जिवाशी खेळ. बिट्टीचं तर नावही घेऊ नये.

या झाडांवर जगणारेही आहेत

माणसाला आणि गुरांना घातक असलेला हा पाला काहींचं रोजचं जेवण आहे. कण्हेरीवर हिरवा, जाडजूड, पाठीवर निळसर डोळ्यांसारख्या खुणा असलेला सुरवंट सापडतो. तो ओलिअँडर हॉकमॉथ या मोठ्या हिरव्या पतंगाचा. तगरीवरही तो असतो. कॉमन क्रो या काळपट तपकिरी फुलपाखराच्या अळ्याही कण्हेर खातात. त्यांचे आरशासारखे चमकणारे कोष पानाखाली लटकलेले दिसतात. रुईवर दिसणारा पिवळा मावा कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यांवरही येतो. तो फार वाढला तर पाण्याचा जोरदार फवारा मारून धुता येतो.

एका नजरेत फरक

- पानं : कण्हेर – एका पेरावर तीन, जाड. बिट्टी – एकेक, अरुंद, तुकतुकीत.
- चीक : कण्हेर – पातळ. बिट्टी – दुधासारखा पांढरा.
- फूल : कण्हेर – सपाट, घोसात, गुलाबी, तांबडं, पांढरं. बिट्टी – नरसाळ्यासारखं, बहुधा पिवळं.
- फळ : कण्हेर – लांब बारीक शेंग. बिट्टी – कोनदार हिरवं, नंतर काळं.
- लागवड : कण्हेर – फाट्यापासून. बिट्टी – बियांपासून.
- जास्त धोका : कण्हेर – छाटलेला पाला, जनावरांना. बिट्टी – गळलेली फळं, मुलांना.

तोडायची की ठेवायची?

दोन्ही झाडं सरसकट तोडायची गरज नाही. प्रश्न जागेचा आहे. अंगणवाडी, शाळा आणि मुलं खेळतात त्या मैदानाजवळ बिट्टी नको. आधीच असेल तर ती काढावी, निदान खालची फळं तरी रोज वेचून पुरावीत. गोठा, वैरणीची गंजी, कडबाकुट्टी आणि जनावरांचा हौद यांच्या आसपास कण्हेर नको. तिथं मेंदी किंवा बोगनवेल चालते. जास्वंदही चालते, पण शेळ्या तिच्यावर ताव मारणार हे धरूनच लावावी.

रस्त्याच्या कडेला, दुभाजकात, देवळाच्या बंदिस्त बागेत कण्हेर राहायला हरकत नाही. फक्त छाटणीचा पाला त्याच दिवशी उचलला पाहिजे. ग्रामपंचायतीनं किंवा ठेकेदारानं तो बांधावर, ओढ्यात किंवा गायरानात न टाकता खड्ड्यात पुरावा. छाटणाऱ्यानं हातमोजे घालावेत, कोयता धुवावा आणि हात धुतल्याशिवाय तंबाखू किंवा भाकरीला हात लावू नये.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. पण कण्हेरीच्या बाबतीत जुन्या लोकांनी नावातच इशारा देऊन ठेवला आहे. तो घरातल्या मुलांना आणि गोठ्यात वैरण टाकणाऱ्या गड्याला सांगितला, तर झाडही दारात राहील आणि दावणीचं जनावरही.